तौकीरभाईंची भिंत

तौकीरभाईंनी माझ्यासमोर ट्रकमधली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली, तेव्हाच मी ठरवलं होतं की हा माणूस आपल्या कामात नको. मी बांधकामाची इंजिनियर. माती तपासायची तर प्रयोगशाळा आहे, अहवाल आहेत, त्यांवर सही-शिक्के आहेत. हे गृहस्थ मात्र डोळे मिटून माती चघळत उभे. मग बाजूला थुंकून त्यांनी ड्रायव्हरला हिंदीत सांगितलं, "वापस ले जाओ. खारा है."

ट्रक परत गेला. मी जाम चिडले. चार दिवसांनी त्याच मातीचा अहवाल आला, आणि त्यात क्षार मर्यादेच्या अडीचपट निघाले. तो अहवाल मी त्यांना दाखवला नाही. माझाही काही स्वाभिमान आहे.

ही गोष्ट रियाधची. माझा नवरा अनुराग इथल्या एका इस्पितळात हाडांचा डॉक्टर आहे आणि मी प्रदर्शनं उभारणाऱ्या एका कंपनीत काम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला एक काम मिळालं. जगभरच्या मातीच्या बांधकामांचं तीन महिन्यांचं प्रदर्शन होतं. मोठ्या दालनात इथल्या नज्द भागातलं जुनं मातीचं घर उभं राहणार होतं, आणि त्यासाठी नावाजलेले सौदी कारागीर आले होते. आमच्या वाट्याला आलं शेजारचं छोटं दालन. त्यात नाइल नदीच्या एका बेटावरचा किल्ला दाखवायचा होता.

किल्ल्याचं नाव उरोनार्ती. आज ती जागा सुदानमध्ये येते. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या राजांनी आपली दक्षिणेची सरहद्द राखायला नदीच्या मधोमध, खडकाळ बेटाच्या माथ्यावर तो बांधला. नदीने वरखाली जाणाऱ्या नावांवर नजर ठेवायची आणि परक्याला हद्दीत येऊ द्यायचं नाही, हे तिथल्या शिबंदीचं काम. आणि हा सगळा पहारा मातीच्या भिंतींआडून. मी साताऱ्याची. किल्ला म्हटलं की आमची मान आपोआप ताठ होते. मातीचा किल्ला म्हटल्यावर मात्र मी जरा नाकच मुरडलं.

आम्ही अख्खा किल्ला बांधणार नव्हतो. त्याच्या तटाचा एक तुकडा, पाच मीटर लांब, तीन मीटर उंच, मीटरभर जाड, एवढंच. मूळ तट याच्या कितीतरी पट जाड होता. आमच्या साहेबांनी नेहमीचा मार्ग धरला आणि विटांचा ठसा उमटवलेली फायबरची पॅनल मागवली. ती बघायला प्रदर्शनाची मुख्य अधिकारी आली. तिशीतली सौदी बाई, सगळे तिला नुसतं 'मुदीरा' म्हणत. अरबीत बाई-साहेबाला तसंच म्हणतात. तिने पॅनलवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

"माझी आजी मातीच्या घरात जन्मली," ती म्हणाली. "मातीच्या प्रदर्शनात मला प्लास्टिक दाखवू नका."

साहेबांनी पॅनलवरची धूळ पुसली. मी छताकडे बघायला लागले. तेवढ्यात पॅनल घेऊन आलेल्या फोर्कलिफ्टवरून एक आवाज आला, मोडक्यातोडक्या पण बिनधास्त अरबीत, "मुदीरा, मातीची हवी तर मातीची बांधतो."

ते तौकीरभाई. अल सुलैमधल्या आमच्या गोदामाचे स्टोअरकीपर. वय एकोणसाठ, उंची बेताची, पण हात दुसऱ्या कुणा धिप्पाड माणसाकडून उसने आणल्यासारखे. तेहेतीस वर्षं ते त्याच गोदामात होते. कुठला नट कुठल्या खोक्यात आहे ते कॉम्प्युटरला शोधावं लागे, त्यांना नाही. प्रदर्शन संपायच्या आधीच त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत होता आणि ते कायमचे घरी जाणार होते. फायनल एक्झिटचा कागदही झाला होता. भेटेल त्याला सांगत, "खलास, अब घर." अशा माणसाने जाता जाता ही नसती उठाठेव कशाला करावी, हे मला कळेना.

मी त्यांना एकट्याला गाठून मराठीत विचारलं, "तुम्ही कधी भिंत बांधली आहे का, तौकीरभाई?"

"भिंत नाय, मॅडम. बांध."

"म्हणजे शेताचा?"

"शेताचा काय बोलता! दर्याचा."

ते रायगडच्या खारपट्ट्यातले, धरमतरच्या खाडीकाठचे. तिथे भरतीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून चिखलाचे बांध घालतात. आत भात, बाहेर समुद्र, आणि मध्ये पुरुषभर उंचीची चिखलाची भिंत. तिच्यात दगड असला तर नशीब, नाहीतर माती, पेंढा आणि माणसांचे पाय. तौकीरभाईंच्या घरात हे काम आजोबांपासून होतं. मातीत मीठ किती ते जिभेने ओळखायचं, ही त्या कामाची पहिली यत्ता.

मुदीराने होकार दिला. साहेबांनी फायबरची पॅनल मोडीत न काढता गोदामात नीट रचून ठेवली. म्हणजे त्यांचा विश्वास किती होता ते समजा. आणि देखरेखीला नेमलं मला, कारण भिंत पडली तर कुणाची तरी मान हाताशी असावी लागते.

पुढचा दीड महिना अल सुलैचं आमचं आवार कुंभारवाड्यासारखं झालं. तौकीरभाई सकाळी गोदाम उघडत, दोन तासांत कामं उरकत आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरत. मदतीला तीन माणसं. माती भिजवायची, भुसा घालायचा, तुडवायची, झाकून मुरवायची, पुन्हा तुडवायची. मुरल्यावर तिला आंबूस वास सुटला तेव्हा शेजारच्या गोदामवाल्याने तक्रार केली. तौकीरभाईंनी त्याला हाताला धरून आणलं, ओंजळभर चिखल नाकाशी धरला आणि विचारलं, "भाई, ये बदबू है?" तो बिचारा नाही म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्यांचं लाकडी साच्यातून वीट काढणं बघण्यासारखं असे. एक थाप, एक ओढ, आणि वीट जमिनीवर. कोपरा मोडलेली वीट ते परत चिखलात टाकत. मी म्हणायचे, "अहो, ती भिंतीच्या पोटात जाईल, दिसणार कुणाला?" त्यावर ते नुसते माझ्याकडे बघत. तुमच्या घरी तुम्हाला कुणी काही शिकवलं नाही का, असा अर्थ त्या बघण्यात असे. चार हजार विटा झाल्या आणि माझं वाक्य ऐकून घ्यायची त्यांची तयारी काही झाली नाही.

दुपारी चहाच्या वेळी त्यांच्या बायकोचा, हफीजाभाभींचा फोन यायचा. व्हिडिओवर त्या आधी नवऱ्याचे पाय बघायच्या. "पुन्ना चिखलात? साठीला आलात, कंबर धरली तर मी नाय दाबायची!" तौकीरभाई फोन विटांवरून फिरवत. त्या निरखून बघत आणि म्हणत, "बऱ्या झाल्यात हो." एवढ्यावर गडी दिवसभर खूश.

एकदा अशाच चहाला मी त्यांना विचारलं, जाता जाता हा व्याप का अंगावर घेतलात? त्यांनी कप खाली ठेवला आणि सरळ सांगून टाकलं.

त्यांच्या गावात बांध कुणा एकाचा नसतो. बांधाआड जितक्या घरांची शेतं, तितक्या घरांचा मिळून एक जोळ. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की हाक जाते आणि प्रत्येक घरातून एक धडधाकट माणूस टोपली घेऊन धावतो. श्रीमंत असो, गरीब असो, नमाजी असो, माळकरी असो, घरटी एक. तेहेतीस वर्षांपूर्वी श्रावणातल्या अमावस्येच्या उधाणाला खांड पडली, तेव्हा तौकीर मुंबईत होते. सौदीला यायचं म्हणून मेडिकल तपासणीच्या रांगेत उभे. त्यांच्या घरचा गडी म्हणून त्यांचे म्हातारे वडील गेले, मोडक्या कमरेने. खांड बुजली नाही. खारं पाणी शेतात राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा फुटलं, आणि मग तिथे भात झालंच नाही. आज तिथे तिवरांचं रान आहे.

"एका माणसाने काय फरक पडला असता, तौकीरभाई?" मी म्हटलं.

"कोनाला म्हाईत? पडला नसता. पण मी नव्हतो ना." मग कप उचलून म्हणाले, "अब्बा काय बोलले नाय. गावात कोन काय बोलला नाय. मॅडम, तेहेतीस वर्सं मी दुसऱ्याचा माल मोजला. जायच्या आधी माझ्या हातची एक मातीची भिंत उभी राह्यलेली मला बघायची हाय. राहते का पडते, तेवढंच."

त्या दिवसापासून मी 'दिसणार कुणाला' म्हणायचं बंद केलं.

विटा दालनात नेल्या आणि भिंत चढली. दिसायलाही देखणी झाली. उद्घाटनाला अकरा दिवस उरले असताना दालनातले दिवे आणि एसी चाचणीसाठी सुरू झाले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले तर भिंतीला वरून गुडघ्यापर्यंत चीर. तीत माझी दोन बोटं गेली. मधला भाग पोटासारखा पुढे आला होता. तौकीरभाई माझ्याआधीच पोचले होते. चिरेला हात लावून ते उभे होते आणि एकच शब्द म्हणाले, "खांड."

दुपारी बैठक झाली. मुदीरा, साहेब, मी आणि दाराशी उभे तौकीरभाई. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, मी आधीच सांगत होतो, पाडा ती आणि पॅनल आणा. मग त्यांनी विचारलं, चूक कुणाची? मी एसीचं नाव घ्यायला तोंड उघडलं. यंत्राला दोष दिला की कुणाचंच काही जात नाही, हे नोकरीत लवकर कळतं.

तौकीरभाई माझ्याआधी बोलले. त्यांची अरबी गोदामात शिकलेली, व्याकरणाचा पत्ता नाही, पण समजायला कुणाला अडचण नाही. ते म्हणाले, "चूक माझी. आमचा बांध कायम पाण्यात असतो. तो कधी सुकतच नाही. मी भिंत तशीच बांधली, थराथरात ओला पेंढा घालून, ओल्यावर ओली. वरून सुकली, आतून ओली राहिली. मला बांध येतो, सुकणारी भिंत मला येत नव्हती. सात दिवस द्या. नाही जमलं तर पॅनल मी स्वतः लावतो."

माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत, चार माणसांसमोर 'मला येत नव्हतं' म्हणताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. ते म्हणताना त्यांची मान जराही खाली गेली नव्हती. मुदीराने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सात दिवस. आठव्या दिवशी सकाळी मी येईन."

त्याच संध्याकाळी प्रदर्शनाचे सल्लागार भिंत बघायला आले. सुदानचे, सत्तरीचे, उंच, शांत गृहस्थ. पुराणवस्तूंचे अभ्यासक. आम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत असू. त्यांनी चीर बघितली, बोट घालून आतली ओल चाचपली आणि माझ्याकडे वळले.

"तुम्हाला दिलेल्या मूळ नकाशात भिंतीवर भोकं होती. ती कुठे गेली?"

भोकं होती. दर काही थरांनी ओळीत, मुठीएवढी. मी ती बांधताना लावलेल्या परांचीची समजून नकाशावरून पुसली होती. प्रदर्शनाच्या भिंतीला भोकं कशी दिसतील, म्हणून. कुणालाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी माझ्या वहीत पेन्सिलीने काढून दाखवलं. जुने गवंडी ठरावीक थरांनी बोरूच्या कोरड्या चटया अंथरत आणि भिंतीत आडवी लाकडं घालत. लाकडाच्या कडेच्या पोकळीतून भिंतीच्या पोटातली ओल बाहेर पडे. तौकीरभाई वहीवर वाकून बघत होते. चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नाही. उलट, परीक्षेत चुकलेलं गणित सोडवून मिळाल्यावर हुशार मुलाचा चेहरा होतो तसा.

"कोरडी चटई," ते पुटपुटले. "कोरडी! आन् आमी ओला पेंढा."

मला लाज वाटली. दुपारी त्यांनी सगळं आपल्यावर घेतलं तेव्हा मी गप्प बसले होते, आणि निम्मी चूक माझ्या रबराने केली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुदीराला जाऊन तसं सांगितलं. तौकीरभाईंनाही सांगितलं. मला वाटलं, ते 'असू दे' म्हणतील. ते म्हणाले, "म्हंजे अर्धी खांड तुमची. मग एक टोपली तुमची."

मला तेव्हा ती चेष्टा वाटली.

हिशोब साधा होता. भिंत उतरवायची, चांगल्या विटा वेगळ्या काढायच्या. अडीच हजार सुटतील, दीड हजार नव्या पाडाव्या लागतील. रियाधच्या कोरड्या हवेत त्या आधी सावलीत, मग उन्हात ठेवल्या की चार दिवसांत खणखणीत. म्हणजे नव्या विटा एका दिवसात पाडून व्हायला हव्या होत्या. हातात माणसं चार.

गुरुवारी दुपारी तौकीरभाई अल सुलैच्या आवारात पाण्याच्या टाकीवर चढले आणि त्यांनी हाक घातली. हिंदीत, मग अरबीत. उद्या शुक्रवार, सुट्टी. प्रत्येक खात्यातून एक माणूस. वेल्डिंगमधून एक, रंगकामातून एक, छपाईतून एक, ड्रायव्हरांतून एक, किचनमधून एक, हिशेबातून एक. जास्त आले तर खुशी, पण एक पाहिजेच. साहेबांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, हे काय चाललंय? तौकीरभाई वरूनच म्हणाले, "ऑफिसमधूनही एक."

शुक्रवारी नमाजानंतर सदतीस माणसं जमली. मुलतानचा वेल्डर, सिल्हेटचा रंगारी, मलप्पुरमचा ड्रायव्हर, काठमांडूचा सुतार. बरेच जण कधीतरी घरी चिखलात उतरलेले होते. दहा मिनिटांत त्यांचे पाय असे चालायला लागले की मी बघत राहिले. अनुराग मला सोडायला आला होता, त्याला तौकीरभाईंनी विचारलं, "डॉक्टर, तुमच्या घरची तर मॅडम हाय. तुमी इस्पितळाचे म्हणून उतरा." शस्त्रक्रियेशिवाय हात न मळवणारा माझा नवरा बूट काढून आत.

मीही उतरले. काय सांगू, सुरुवातीला किळस आली आणि मग येईना. पायाखाली भुसा टोचत होता, चिखल बोटांतून वर येत होता, आणि तौकीरभाई मागून ओरडत होते, "टाचेने, बाय, टाचेने! भांगडा नको!" त्या दिवसापासून मी मॅडमची 'बाय' झाले. तीन वाजता मुदीरा आली. तिने अबाया वर खोचला, बूट कडेला ठेवले आणि माझ्या शेजारी तुडवायला लागली. थोड्या वेळाने साहेबही आले. ते चिखलात उतरले नाहीत, पण पंचवीस विटा वाहून त्यांनी सावलीत नेल्या आणि पुढे महिनाभर त्या पन्नास होत्या म्हणून सांगितलं.

अंधार पडायच्या आत दीड हजारांवर विटा आवारात ओळीने पडल्या होत्या. तौकीरभाई त्यांच्यामधून हात मागे बांधून चालत होते. मी इतक्या ताठ मानेने चालणारा माणूस साताऱ्यातसुद्धा बघितलेला नाही.

नव्या विटा सुकेपर्यंत जुन्यांवर काम सुरू झालं. या वेळी दर पाचव्या थराला खजुराच्या पात्यांची कोरडी चटई. इथल्या बाजारात ती हवी तेवढी मिळते. आरपार लाकडं, आणि कडेने भोकं. जोडाला चिखल किती ओला, हे दर घमेल्याला तौकीरभाई स्वतः बघत. मी भोकांचं माप घेत उभी असे. एक भोक चुकून बुजलं तर ते म्हणत, "बाय, तुमचं रबर आवरा."

आठव्या दिवशी सकाळी मुदीरा आली. एसी चालू होता. भिंत उभी होती. मुदीराने तिच्यावर टिचकी मारली आणि काहीच वाजलं नाही. ती हसली.

उद्घाटनाला पाहुणे आले, भाषणं झाली. तौकीरभाईंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते भिंतीपासून चार हातांवर, पहारा दिल्यासारखे उभे होते. डॉक्टरसाहेब भिंतीजवळ गेले आणि दोन्ही तळवे तिच्यावर टेकून बराच वेळ राहिले. मग तौकीरभाईंकडे आले. डॉक्टरसाहेब न्युबियातले, म्हणजे त्या किल्ल्याच्याच मुलखातले. त्यांनी सांगितलं की साठ वर्षांपूर्वी नाइलवरच्या मोठ्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांचं गाव बुडालं, आणि त्या भागातले बहुतेक मातीचे किल्लेही पाण्यात गेले. हा बेटावरचा किल्ला उंचावर होता म्हणून राहिला.

"आमचं शेत गेलं," तौकीरभाई म्हणाले. "खाऱ्या पाण्यात."

डॉक्टरसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "पण हात नाही गेले," ते म्हणाले. दोघेही रडले नाहीत, मीच रडले. मला त्या माणसाचा अभिमान वाटत होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

पाच आठवड्यांनी तौकीरभाई गेले. विमानतळावर पोचवायला दोन गाड्या भरून माणसं. जोळ आला होता, घरटी एक. पासपोर्टवर शिक्का बसण्याआधी ते मागे वळले आणि एवढंच म्हणाले, "बाय, भोकं बुजवू नका हां."

एप्रिलमध्ये प्रदर्शन संपलं. दालन मोकळं करायचं होतं. भिंत पाडायचं काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे होतं. त्याने वर्तमानपत्रावर चहाचा कप ठेवत मला सांगितलं, मातीची तर आहे, सकाळी लावतो, जेवणापर्यंत साफ. त्याने दोन माणसं आणि घण पाठवले. जेवणापर्यंत भिंतीच्या वरच्या तीन ओळी निघाल्या. दुपारी त्याने चार माणसं वाढवली. घण चटईवर बसायचा आणि उसळून परत यायचा. दुसऱ्या दिवशी छोटं ब्रेकर मशीन आलं, त्याचं टोक लाकडात अडकून वाकलं. मी कडेला उभी राहून सगळं बघत होते. कामाच्या ठिकाणी हसू नये म्हणून ओठ चावत होते. तिसऱ्या दिवशी, सूर्य कलल्यावर, शेवटचा थर निघाला. भिंतीचं पोट कोरडं ठणठणीत होतं. त्यातली एक वीट मी फोडून बघितली. ओलीचा डागसुद्धा नाही.

भिंत पाडल्याचं त्यांना कसं सांगावं या विचाराने मी दोन दिवस फोन टाळला. शेवटी केला. हफीजाभाभींनी उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"तौकीरभाई, भिंत पाडली."

"ते तर पाडायचीच होती, बाय. किती वेळ लागला?"

"तीन दिवस. पहिले घण, मग मशीन. मशीनचं टोक वाकलं."

त्यांनी लगेच विचारलं, "आतून?"

"कोरडी. मी स्वतः वीट फोडून बघितली."

त्यांनी फोन तसाच ठेवून दिला, बंद करायलाही विसरले. मला नुसत्या त्यांच्या चपला ऐकू आल्या, अंगणातून लांब जाणाऱ्या.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी हफीजाभाभींनी सांगितलं. तौकीरभाई थेट नाक्यावरच्या हलवायाकडे गेले, पाच किलो जिलबी घेतली आणि जुन्या जोळातल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन वाटली. मुलगा झाला का, नातू झाला का, म्हणून लोक विचारत होते. प्रत्येक उंबऱ्यावर ते एकच उत्तर देत होते.

"माझी भिंत पाडायला तीन दिवस लागले."